जनरल रजिस्टरातील नावे: एका गावाच्या आवडीनिवडीचा माग काढताना ठेवलेल्या नोंदी

१२ नोव्हेंबर २०२४

सांगली जिल्ह्यातील खानापूर तालुक्यात असलेल्या आमच्या गावच्या प्राथमिक शाळेत १९४१ पासूनचे जनरल रजिस्टर सलग शिल्लक आहे. त्यातील मुलामुलींची केवळ पहिली नावे उतरवून घ्यायची, कोणते नाव गावात कधी आले, कधी वाढले आणि कधी मावळले ते मोजायचे, आणि मग ते नाव कोणी आणले हे घरोघरी जाऊन विचारायचे, असे मी ठरवले आहे. निमित्त झाले पुतण्याच्या मुलाच्या बारशाचे. आत्याने बाळाच्या कानात नाव सांगितले आणि ते मोठ्याने उच्चारायच्या आत पाळण्याभोवतीच्या निम्म्या बायकांनी ‘शिवांश’ असे ओळखून टाकले. त्याच आळीत या नावाची आणखी दोन मुले आहेत.

मुख्याध्यापकांकडे आज लेखी अर्ज दिला. विधानसभेचे मतदान २० तारखेला असल्याने सगळे शिक्षक निवडणुकीच्या कामात आहेत आणि तोवर कपाट उघडता येणार नाही. त्यांनी दोन अटी घातल्या: रजिस्टर शाळेबाहेर जाणार नाही आणि जातीचा रकाना कोणाच्याही हाती पडणार नाही. गेल्या वर्षी कुणबी नोंदींचा शोध सुरू झाल्यापासून जुन्या रजिस्टरांकडे कोण कशासाठी येतो याबाबत शाळा सावध असतात. त्यात वावगे काही नाही.

२६ नोव्हेंबर

पहिला खंड पाहिला. मुखपृष्ठावर ‘जिल्हा सातारा’ असे आहे, पुढच्या खंडावर ‘दक्षिण सातारा’ आणि तिसऱ्यावर ‘सांगली’. १९४९ आणि १९६० साली जिल्हा बदलला, रजिस्टर मात्र त्याच कपाटात राहिले. पहिल्या खंडाची शिवण उसवून पुन्हा घातलेली असून सुमारे वीस पाने उलटसुलट लागली आहेत. म्हणून पानाच्या क्रमावर भिस्त न ठेवता प्रत्येक नोंदीचा रजिस्टर क्रमांक आणि दाखल तारीख या दोन्ही गोष्टी टिपाव्या लागतील.

८ डिसेंबर

पहिले दोन दिवस वाया गेले. मोबाइलवर मी संपूर्ण पानाचे फोटो काढत होतो, म्हणजे जात, जन्मस्थळ, शाळा सोडल्याचे कारण, सगळेच त्यात येत होते. दिलेल्या शब्दाची आठवण घरी आल्यावर झाली. १४० फोटो पुसून टाकले. नंतर जाड पुठ्ठ्याला दोन खिडक्या कापल्या, एक क्रमांक व नावासाठी आणि दुसरी दाखल तारखेसाठी. तो पुठ्ठा पानावर ठेवूनच फोटो घेतला. ही युक्ती पहिल्याच दिवशी करायला हवी होती. शिवणीजवळ अक्षरांवर सावली पडत होती, ती ४५० रुपयांचा टेबल दिवा डावीकडून तिरका ठेवल्यावर गेली.

२९ डिसेंबर

महाविद्यालयात शिकणाऱ्या दोन मुलांना ओळीमागे एक रुपया देऊन नावे भरायला सांगितली. एकूण २,८६० ओळी झाल्या आणि नऊ दिवसांत काम पूर्ण झाले, याचे मला आधी कौतुक वाटले. तपासायला बसलो तेव्हा ‘वाळू’ नावाची अकरा मुले आणि ‘सुखू’ नावाच्या चार मुली निघाल्या. आमच्या गावात वाळूचे ट्रक येतात, पण त्या नावाचा माणूस नाही. एकाने कंटाळून फोनवर बोलून नावे लिहिली होती आणि यंत्राने ‘बाळू’चे ‘वाळू’, ‘सखू’चे ‘सुखू’ करून ठेवले होते. गंमत अशी, की नव्या नावांत चुका जवळजवळ नव्हत्या. जितके नाव जुने तितके ते यंत्राला अनोळखी, म्हणजे जो काळ मला मोजायचा होता तोच नेमका बिघडला. त्याचा अर्धा भाग पुन्हा हाताने लिहून घेतला. त्याचे वेगळे ९०० रुपये झाले आणि बारा दिवस गेले.

११ जानेवारी २०२५

एकाच नावाची वेगवेगळी रूपे एकत्र करण्याचे काम. शीतल आणि शितल, ऋतुजा आणि रुतुजा एक धरायचे हे सोपे आहे. ज्ञानेश्वर, ज्ञानदेव आणि ज्ञानोबा ही तीन नावे की एक, यावर मी चार दिवस घालवले. शेवटी ती वेगळीच ठेवली, कारण ज्ञानोबा जाऊन ज्ञानेश्वर येणे हाही एक बदल आहे आणि तो पुसला तर मोजण्यासारखे काय उरले? याउलट ‘सुमन’ आणि ‘सुमनबाई’ एक केले. नावापुढे ‘बाई’ लावणे ही लिहिणाऱ्याची सवय असावी, असा माझा तेव्हाचा समज होता. ‘असा समज होता’ हे वाक्य या नोंदींत पुढेही येणार आहे.

१९ जानेवारी

जन्मतारखेवरून काळ ठरवायचा बेत सोडून दिला. जुन्या खंडांत पानामागून पाने १ जून, १ जून आणि पुन्हा १ जून. ज्यांच्या घरी जन्माची नोंद नव्हती त्यांना गुरुजींनी शाळा सुरू होण्याच्या महिन्याचा पहिला दिवस बहाल केला आणि वय प्रवेशाला पुरेल अशा बेताने सालही मागे मोजून लिहिले. महाराष्ट्रातील कित्येक निवृत्त माणसांचा वाढदिवस त्यामुळे एकाच दिवशी येतो, आमच्या वडिलांचाही. म्हणून आता दाखल वर्ष हाच आधार धरला असून जन्म त्याच्या सुमारे सहा वर्षे आधीचा मानला आहे. आठनऊ वर्षांची होऊन पहिलीत आलेली मुलेही त्या काळात होती, त्यामुळे एकेका वर्षाचा आकडा निरर्थक ठरतो. पाच-पाच वर्षांचे गट केले. वर्षाला सरासरी चौतीस मुले दाखल होत असतील, तर त्यांतील दोघे एका नावाचे निघाले की आलेख उगाच उसळी मारतो. गट केल्यावर तो शांत झाला.

२६ जानेवारी

आज ग्रामसभेनंतर शाळेत आलेख लावला आणि चारचौघांत चुकलो. ‘सचिन’ हे नाव एका काळात भराभर वाढलेले दिसत होते. शेजारी मी ‘तेंडुलकरचा प्रभाव’ असे ठळक अक्षरांत लिहिले होते. छपाईला ३५० रुपये दिले होते म्हणून ठळकच. लोक माना डोलावत होते. तेवढ्यात मागून सोसायटीत काम करणारे एक गृहस्थ उठले आणि म्हणाले, “सर, मी सचिन. जन्म अठ्ठ्याहत्तरचा. तेंडुलकर तेव्हा पाच वर्षांचा होता. माझ्या बापाला त्याची बातमी कुणी दिली?”

सगळे हसले आणि मीही हसलो, पण घरी येऊन तक्ता उघडला. तेंडुलकरचा पहिला कसोटी सामना कराचीला नोव्हेंबर १९८९ मध्ये झाला. त्याचे बघून नाव ठेवलेले मूल आमच्या शाळेत १९९५ च्या आधी येऊच शकत नाही. आमच्याकडे सचिन वाढतात १९७८ पासून १९९२ पर्यंतच्या प्रवेशांत, आणि १९९५ नंतर ते चक्क उतरणीला लागतात. खुद्द तेंडुलकरचे नाव त्याच्या वडिलांनी संगीतकार सचिनदेव बर्मन यांच्यावरून ठेवले होते, म्हणजे लाट त्याच्या आधीची आहे आणि तो स्वतः त्या लाटेतला एक. मी दाखल वर्ष आडव्या अक्षावर ठेवले आणि जन्मवर्ष समजून वाचले, ही एक चूक. मोठे नाव समोर दिसले की कारण शोधणे थांबवले, ही त्याहून वाईट चूक. आलेख काढून घेतला आहे.

१६ फेब्रुवारी

आजवरचा सर्वांत महत्त्वाचा शोध, आणि तो आकड्यांतून लागलेला नाही.

धोंडू, दगडू, केरू, भिकू ही नावे आधीची मुले दगावलेल्या घरांत, हे तरी मूल जगावे म्हणून ठेवत. दगडधोंड्याला आणि केराला कोण नेणार, अशी त्यामागची समजूत. १९४७ ते १९५६ या दहा वर्षांत अशा नावांच्या नोंदी ४१ आहेत. १९५७ ते १९६६ मध्ये फक्त ६. लसीकरण वाढले, बालमृत्यू कमी झाले, म्हणून अशी नावे ठेवण्याची गरज उरली नाही, असा दीड पानांचा मजकूर मी लिहूनही ठेवला होता.

काल एका नावाचे वाचन पक्के करायला मूळ रजिस्टर पुन्हा काढले, आणि १९५७ च्या जूनमध्ये अक्षर बदललेले दिसले. त्याआधीचे अक्षर उजवीकडे झुकलेले, घाईचे, शाई फिकट. त्यानंतरचे गोल, सुटे, शिरोरेघ पट्टी लावून ओढल्यासारखी. नवे गुरुजी आले होते. आणि त्याच पानापासून दत्तात्रय, लक्ष्मण, भास्कर आणि दिनकर यांची रीघ लागते. ‘बाई’ हे शेपूटही त्याच पानापासून गळते, म्हणजे ११ जानेवारीचा माझा समज निदान तेवढा बरोबर होता.

आज सकाळी त्या पानावरच्या एका ‘दत्तात्रय’ तात्यांकडे गेलो. वय ७४. त्यांनी सांगितले ते असे: “आईने शाळेत नेलं. गुरुजींनी विचारलं, नाव काय? आई म्हणाली, धोंडू. गुरुजी म्हणाले, धोंडू कशाला, पोरगा चांगला आहे, दत्तात्रय लिहितो. आईने मान हलवली. तिला वाटलं, शाळेत तसंच म्हणत असतील.” मी विचारले, मग घरी? तात्या हसून म्हणाले, “घरी काय, अजून धोंडूच. दत्तात्रय म्हणून हाक मारली तर मी मागे वळत नाही. मला वाटतं बँकेतलं कुणीतरी बोलावतंय.”

म्हणजे रजिस्टरातला कल हा गावाचा नसून रजिस्टर लिहिणाऱ्याचा होता. माझ्या दीड पानांची पडताळणी करायला आता एक सोपी कसोटी हाती होती: हे गुरुजी बदलून गेल्यावर काय झाले? अक्षर पुन्हा बदलते ते १९६६ अखेर, आणि त्यानंतरच्या पाच वर्षांत अशी सात नावे परत येतात. ती खऱ्या अर्थाने नाहीशी होतात १९७०च्या दशकात, आणि तेव्हा रजिस्टर तीन वेगवेगळ्या हातांनी लिहिलेले आहे. लसीकरणाचे कारण कदाचित या दुसऱ्या ओहोटीला लागू पडेल, पहिल्या ओहोटीला नाही. हे काम करू इच्छिणाऱ्याने रजिस्टरात अक्षर जिथे जिथे बदलते तिथे आधी खूण करावी आणि मग आलेख काढावा. मी तो रकाना आज नव्याने भरायला घेतला आहे.

९ मार्च

‘नकुसा’ अशा दोन नोंदी आहेत. सातारा जिल्ह्यात २०११ साली अशा नावाच्या २८५ मुलींना समारंभपूर्वक नवी नावे देण्यात आली होती. आमच्या गावच्या या दोघी त्याच्या कितीतरी आधी शाळा सोडून गेलेल्या. त्यांचा शोध घ्यायचा नाही, असे ठरवले. आकड्यात त्या आहेत, भेटींच्या यादीत नाहीत.

२३ मार्च

घरोघरी विचारायला सुरुवात केली आणि पहिल्या नऊ भेटी फुकट गेल्या. “हे नाव कोणाचे बघून ठेवले?” असा प्रश्न मी विचारत होतो. उत्तर ठरलेले: “कोणाचेही बघून नाही, आम्हाला आवडले.” प्रश्नातच नक्कल केल्याचा आरोप होता, हे मला तिसऱ्या घरी कळायला हवे होते. ते कळले नवव्या घरी, जेव्हा काकूंनी चहाचा कप पुढे केला आणि उत्तर दिलेच नाही.

आता तीन प्रश्न विचारतो. बारशाला कोण कोण होते? भटजींनी कोणते अक्षर काढून दिले होते? आणि कोणती नावे मागे पडली? तिसऱ्या प्रश्नाने घर बोलते होते. ठेवलेल्या नावाची हकीकत लोक विसरतात, पण डावलले गेलेले नाव वीस वर्षांनीही लक्षात असते, आणि ते कोणी सुचवले होते, त्यावर कोणी नाक मुरडले, कोण जेवायला थांबले नाही, हे सगळे त्याबरोबर येते.

अमेरिकेत इलिनॉय राज्यातील डीकेटर शहरात १९४५ साली सुमारे आठशे स्त्रियांना खरेदी, फॅशन, चित्रपट आणि सार्वजनिक प्रश्न यांबाबत कोणाचे ऐकले असे विचारले गेले होते, आणि ज्यांची नावे निघाली त्यांनाही गाठून विचारण्याचा प्रयत्न झाला होता. तेवढी एक रीत मी उचलली आहे: ज्याचे नाव निघेल त्याच्याकडेही जायचे.

१३ एप्रिल

चैत्रातल्या यात्रेला गलाईवाले गावी आले आहेत. सोने-चांदी शुद्ध करण्याच्या या धंद्यामुळे आमच्या तालुक्यातली माणसे देशभरच्या शहरांत पसरलेली आहेत. एकाने भाच्याला नेले, भाच्याने मेहुण्याला, अशीच ही साखळी वाढली. वर्षभरात जे भेटत नाहीत ते या आठवड्यात भेटतात, म्हणून प्रश्नावली यात्रेपर्यंत राखून ठेवली होती. पेट्रोल आतापर्यंत १,७०० रुपयांचे.

‘शेफाली’ हे नाव शोधत होतो. गावात १९९४ ते २००२ या काळात अशा पाच मुली दाखल झाल्या, त्यापूर्वी एकही नाही आणि नंतरही नाही. पहिलीचे वडील तेव्हा कोलकात्यात होते. तिथल्या शेजारणीच्या मुलीचे नाव यांनी उचलले. माझा अंदाज असा, की त्यांच्या आळीतून ते गावभर गेले. नकाशावर पाचही घरे जोडून रेषाही आखली. पाचपैकी तीन घरांनी ती रेषा खोडून काढली. दुसऱ्या शेफालीच्या आईने पहिलीचे नावच कधी ऐकले नव्हते. तिच्याकडे ते नाव मुलीच्या आत्याने आणले, आणि आत्या दिली आहे आटपाडी तालुक्यातल्या एका गावात, जिथलेही गलाईवाले कोलकात्याला होते.

आत्याकडे गेलो. ती म्हणाली, “मी कशाला? वहिनीनेच सुचवलं. मी फक्त कानात सांगितलं.” परत येऊन वहिनींना विचारले. त्या म्हणाल्या, “वन्संच म्हणाल्या होत्या, आता नाकबूल करतायत.” दोघी एकमेकींकडे मान देत आहेत की बोट दाखवत आहेत, हे मला ठरवता आले नाही. नोंदीत ‘उगमाबाबत वाद’ असे लिहिले.

२७ एप्रिल

आटपाडीकडच्या त्या गावच्या शाळेत मुख्याध्यापकांच्या परवानगीने १९८५ ते २००५ एवढाच भाग पाहिला. १९९२ आणि १९९५ ला एकेक शेफाली आहे. म्हणजे नाव तिकडे आधी पोहोचले होते, आणि आमच्या दुसऱ्या घरात ते आमच्याच गावातल्या पहिल्या घरातून नव्हे, तर तिकडून आले.

यामुळे माझ्या मूळ आराखड्यातले एक भगदाड दिसले. मी गाव हे एकक धरले होते. पण बारशात नाव ठेवते आत्या, म्हणजे या घरात जन्मलेली आणि दुसऱ्या गावात नांदणारी बाई. पहिले बाळंतपण बहुधा माहेरी होते, म्हणजे आईच्या कानावर पडलेली नावे तिसऱ्याच गावची असतात. ज्या ३१ घरांनी नीट सांगितले, त्यांपैकी १४ घरांत अखेरचे नाव आत्याचे होते, ६ घरांत आईच्या माहेरचे, आणि थेट चित्रपट, मालिका किंवा खेळाडू यांचा दाखला केवळ तिघांनी दिला. ३१ घरे म्हणजे फार नव्हेत आणि ती मीच निवडलेली आहेत, त्यामुळे या आकड्यांवर इमले बांधू नयेत. तरीही पुन्हा काम करायचे झाले, तर मी एका गावाचे ऐंशी वर्षांचे रजिस्टर घेण्याऐवजी ज्या चार-पाच गावांत आमच्या लेकी दिल्या आहेत तिथली वीस-वीस वर्षे घेईन.

११ मे

तक्ता मोडला. उन्हाळ्याच्या दुपारी, वीज जाण्याच्या धास्तीत, नावांचा एकच रकाना निवडून मी त्याची अकारविल्हे लावणी केली आणि बाकीचे रकाने जागच्या जागी राहिले. १९४१ साली पहिलीत ‘अनुष्का’ दाखल झालेली दिसली तेव्हा लक्षात आले. त्याआधी मी दोनदा साठवण केली होती. जुनी प्रत १६ फेब्रुवारीची निघाली, म्हणजे त्यानंतर भरलेला अक्षरबदलाचा सगळा रकाना गेला. तो पुन्हा भरायला अकरा दिवस लागतील आणि शाळेला सुट्टी असल्याने कपाट उघडण्यासाठी मुख्याध्यापकांना त्यांच्या गावाहून बोलवावे लागेल. ते आले. त्यांनी तक्ता पाहिला, काही बोलले नाहीत, किल्ली टेबलावर ठेवली आणि पाणी प्यायला गेले. आता रोज संध्याकाळी तारीख घालून वेगळी प्रत ठेवतो.

एकूण खर्च आजवर ६,२६० रुपये. त्यांतले पुन्हा लिहून घेण्याचे ९०० आणि काढून टाकलेल्या आलेखाचे ३५० हे निव्वळ माझ्या चुकांचे.

१६ जून

शाळा सुरू झाली. नवीन मुलांची नावे आता जन्मदाखल्यावरून जशीच्या तशी उतरतात. ‘धोंडू कशाला’ असे म्हणण्याची सोय कोणाला उरलेली नाही. पहिलीत या वर्षी अकरा मुले आहेत आणि त्यांत एकही नाव दोनदा आलेले नाही. एका वर्षावरून यात काही वाचू नये, हे १९ जानेवारीला लिहिलेच आहे.

दुरुस्त केलेला तक्ता शाळेच्या फळ्यावर लावला. दुपारी आळीतली एक सूनबाई थांबली. ऑगस्टमध्ये बाळंतपण आहे. “काका, यातलं गावात आता कुणाचंच नसलेलं एखादं नाव सांगा ना, जुनं चालेल.” मी सांगितले, की मी नाव सुचवले तर माझीच नोंद बिघडेल, तुमच्या नणंदेला विचारा. ती म्हणाली, “त्यांनीच पाठवलंय.” आणि माझ्यादेखत तिने १९४१ ते १९५० या पहिल्या रकान्याचा मोबाइलवर फोटो काढला.

२०३१ च्या जूनमधील प्रवेश मोजणाऱ्याने ‘गोदावरी’, ‘रखमा’ किंवा ‘यशवंत’ पुन्हा दिसल्यास ही तारीख पाहावी.